योगदिनाच्या सतरंजीवर आधी नाडी बघा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा



मी कोरेगावात राहते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. हे पत्र टपालानं पाठवून पोच घेता आली असती. पण यातली मागणी माझ्या एकटीची नाही आणि तिला वेगळा निधीही लागत नाही, तेव्हा ती चारचौघांनी वाचावी असं वाटलं.

आधी एका २१ जूनची गोष्ट सांगते. सकाळी सहाला गावातल्या मैदानावर आम्ही सगळे जमलो होतो. जरंडेश्वराच्या डोंगरावर ढग उतरले होते, रात्रीच्या पावसानं सतरंज्या खालून ओलसर झाल्या होत्या. शाळेची पोरं, बचत गटाच्या बायका, बँकेतले लोक, पेन्शनर, सगळे ओळीनं बसलेले. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी होते. पेरणीची घाई असूनही नातवानं हट्टानं आणलं होतं. व्यासपीठावरून कपालभाती सुरू झाली आणि पाचेक मिनिटांत ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, जरा गरगरल्यागत हुतंय."

मला स्वतःला सहा वर्षांपासून हृदयाच्या तालाचा आजार आहे. त्यामुळे कुणाचं मनगट हाताशी आलं की बोटं आपोआप नाडीवर जातात. त्यांच्या नाडीत दोन ठोके लगोलग लागले, मग फट, मग तीन झपाझप, मग एक लागतोय न लागतोय असा. त्यात ठेका म्हणून नव्हताच. माईकवरून आवाज आला, "थांबू नका, चक्कर येतेय म्हणजे आतली घाण निघतेय." मी त्यांना थांबवलं, पाणी दिलं आणि मुलाला फोन लावायला सांगितलं. मुलानं पेरणी उरकली आणि चार दिवसांनी साताऱ्याला नेऊन ईसीजी काढला. मला जे वाटलं होतं तेच निघालं, माझाच आजार. सुदैवानं त्या चार दिवसांत काही झालं नाही.

त्या दिवशी मैदानावर शेकडो लोक श्वास मोजत होते. नाडी मात्र एकाचीही कुणी मोजली नव्हती. या पत्राचं कारण एवढंच आहे.

योगाविरुद्ध लिहितेय असं कुणी समजू नये. मी रोज पहाटे अर्धा तास श्वासाचा अभ्यास करते आणि मरेपर्यंत करणार आहे. पण ज्या गोष्टीवर आपला जीव आहे तिच्याबद्दल खोटं बोललं गेलं की जास्त लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या आजाराला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वर्गात शिकवायची वेळ आली असती तर मी लेझीम पथकाचं उदाहरण दिलं असतं. पथकात हलगी एकाचीच वाजते आणि पन्नास पोरं तिच्या ठेक्यावर पाय टाकतात. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात असाच एक हलगीवाला बसलेला असतो, पेशींचा एक छोटा पुंजका. तो विजेचा ठेका देतो, आधी वरचे दोन कप्पे आकसतात, मग खालचे दोन. माझ्या आजारात वरच्या कप्प्यांत जागोजागी आपापली हलगी वाजायला लागते. वरचे कप्पे आकसायचं सोडून नुसते थरथरतात, आणि खालच्यांपर्यंत जो ठोका पोचेल तो पोचतो. मग नाडी वेडीवाकडी लागते. काहींना ते कळतं, छातीत कबुतर फडफडल्यासारखं होतं. काहींना काहीच कळत नाही. त्या आजोबांना इतके दिवस कळलं नव्हतं.

आता श्वासाचा यात काय संबंध, तेही सांगते, कारण इथंच योगाचं खरं बळ आहे. त्या हलगीवाल्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो. निरोगी माणसाची नाडी बसल्या जागी सत्तर-बहात्तर लागते, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस त्याचा कासरा ओढून धरत असते. श्वास आत घेताना कासरा सैल पडतो आणि ठोके जरा वाढतात. श्वास सोडताना तो ताणला जातो आणि ठोके मंदावतात. मनगटावर बोटं ठेवा, चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. तरुण माणसाला हा फरक बोटांखाली लागतो. माझ्या वर्गातल्या मुलींनी तो दरवर्षी शोधून काढलाय आणि दरवर्षी त्या तितक्याच हरखल्यात.

इटलीतल्या पाव्हियाच्या लुचानो बर्नार्डी यांनी २००१ साली २३ माणसांवर एक छान प्रयोग केला. त्यांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि बौद्धांचा मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा जास्त तल्लख झाली. संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणणाऱ्या आमच्या बायकांचा श्वासही असाच लांबतो, हे कान देऊन ऐकणाऱ्याला कळेल.

या सगळ्याचं मोजमाप करायची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली, याचा मला अभिमान आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसन करणाऱ्या माणसाचा एक्स-रे काढायचा, उड्डियानात पोटातला दाब मोजायचा, आणि मगच बोलायचं, अशी त्यांची रीत होती. योगायोग असा की त्याच १९२४ साली ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या आइन्थोव्हेन यांना नोबेल मिळालं. नाडीचं शास्त्र आणि श्वासाचं शास्त्र एकाच वर्षी नावारूपाला आलं म्हणा ना. पुढं १९६९ मध्ये मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामच्या विनेकरांना सोबत घेऊन उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात छापले. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या, काहींना काही उपयोग झाला नाही. हे तिन्ही त्यांनी लिहिलं. 'काहींना उपयोग झाला नाही' हे वाक्य हल्ली शिबिरांत ऐकू येत नाही.

दुसरीकडे चमत्काराची परंपराही चालूच होती. योगी हृदय थांबवतात असं सांगितलं जायचं. वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन संशोधक १९५७ मध्ये ईसीजीचं यंत्र घेऊन भारतभर हिंडले, दिल्लीच्या एम्सचे डॉ. आनंद त्यांच्याबरोबर होते. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांनी श्वास कोंडून छातीपोटाचे स्नायू आवळले. मनगटावरची नाडी लागेनाशी झाली, स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येईनात, आणि कागदाच्या पट्टीवर हृदय आपलं काम करतच होतं. छातीतला दाब वाढल्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त अडलं होतं, एवढंच. त्यांच्यातल्या एकाला मात्र ठोके खरोखरच बरेच मंद करता आले, तेही त्यांनी नोंदवलं. नंतर १९७० मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, टोपीकाच्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये, स्वामी राम यांनी सतरा सेकंद हृदय 'थांबवून' दाखवलं. पट्टीवर दिसलं ते थांबणं नव्हतं. मिनिटाला सुमारे ३०० ठोक्यांची फडफड होती, एट्रियल फ्लटर. ज्याला आपण सिद्धी म्हणायचो तो कार्डिऑलॉजिस्टच्या भाषेत तालाचाच आजार, फक्त हुकमी आणलेला. मला ही गोष्ट फार आवडते. श्वास आणि स्नायूंनी हृदयाचा ताल हलवता येतो हे तिनं सिद्ध होतं, आणि तो कुठल्याही दिशेला हलू शकतो हेही.

त्याच कॅन्ससमध्ये त्रेचाळीस वर्षांनी माझ्या आजाराबद्दल खरी कामाची गोष्ट बाहेर आली. डॉ. धनुंजय लक्किरेड्डी यांनी तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात माझ्यासारखे अधूनमधून झटके येणारे ४९ रुग्ण घेतले. पहिले तीन महिने नेहमीचे उपचार आणि नुसती नोंद, पुढचे तीन महिने आठवड्यातून दोनदा तासभर योग, तोही पुण्याच्या अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीचा. गोळ्या चालूच होत्या. जाणवणारे झटके सरासरी ३.८ वरून २.१ वर आले, चिंता आणि उदासी कमी झाली, नाडी आणि रक्तदाब थोडे उतरले. हे २०१३ साली छापून आलं. पुढं स्वीडनमध्ये ८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, तिथंही योग करणाऱ्यांचं रोजचं जगणं सुधारलं, नाडी आणि रक्तदाब उतरला. अभ्यास छोटे आहेत. पण दिशा एकच दिसते: झटके कमी, आणि झटक्याची भीतीही कमी.

भीतीबद्दल थोडं जास्त लिहू द्या, कारण ती ईसीजीत दिसत नाही. झटका आला की जीव घाबरा होतो, घाबरलं की ठोके आणखी वाढतात, वाढले की माणूस अजून घाबरतो. पहिली दोन वर्षं मी एकटी साताऱ्यालाही जात नव्हते. वीसेक किलोमीटरचा रस्ता, पण एसटीत काही झालं तर, हा विचार डोक्यातून जायचा नाही. आता झटका आला की मी बसते, मनगट धरते, आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावते. झटका त्यानं थांबतोच असं नाही. पण घाबरणं थांबतं, आणि अर्धं दुखणं तेच होतं. मी वही ठेवते. वर्षाला सात-आठ झटके यायचे, ते दोन-तीनवर आले. गोळीही त्याच वर्षी बदलली होती, त्यामुळे श्रेय कुणाला किती, हे माझी वही सांगू शकत नाही. विज्ञान शिकवलेल्या बाईनं एवढं तरी कबूल करायला हवं.

आणखीही एक गोष्ट शिबिरांत कुणी सांगत नाही. काही जणांचं एट्रियल फिब्रिलेशन कासरा जास्त ताणल्यामुळेच सुरू होतं. अशांना झटके रात्री झोपेत, भरपेट जेवणानंतर किंवा धावून आल्यावर विसावताना येतात. त्यांना 'खोल श्वास घ्या, बरं वाटेल' हा सल्ला लागू पडेलच असं नाही. कुणाला काय सोसतं हे त्याच्या डॉक्टरनं आणि त्याच्या वहीनं ठरवायचं.

आता ज्यासाठी मला खरोखर राग येतो ते.

काही वर्षांपूर्वी एका शिबिरात वक्त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं की प्राणायाम चालू केल्यावर रक्त पातळ करायच्या गोळ्या लागत नाहीत, ते तर उंदराचं औषध आहे. शिबिराचं आणि वक्त्यांचं नाव मी लिहीत नाही, लिहून काही मिळणार नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईनं ते ऐकलं आणि गोळी सोडली. तिला खूप बरं वाटत होतं, तीच तर फसगत होती. तीन महिन्यांनी सकाळी चहा ओतताना कप हातातून पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. आज ती डाव्या हातानं जेवते.

वॉरफरिन हे उंदरांसाठीही वापरलं गेलं, ते खरंच आहे. शेतकऱ्याच्या घरात मिठाचाही उपयोग दहा ठिकाणी होतो. वरचे कप्पे थरथरत राहिले की त्यांच्या एका कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साचतं, गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा धोका सुमारे पाचपट असतो. रक्त पातळ करणारी गोळी तो जवळजवळ दोन तृतीयांशानं कमी करते. श्वासाच्या अभ्यासानं ही गुठळी धरणं थांबतं, असं कुठल्याही संशोधनानं दाखवलेलं नाही. झटके कमी झाले, बरं वाटलं, म्हणून गुठळीचा धोका गेला असं होत नाही. न जाणवणारे झटके चालूच असू शकतात. भारतातच २४ केंद्रांवर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या जवळपास चार हजार रुग्णांचा योगाचा मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये निकाल आला. योग करणाऱ्यांना जास्त बरं वाटलं, ते रोजच्या कामाला चांगले लागले, पण पुन्हा झटका येणं, पक्षाघात किंवा मृत्यू यांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. एवढं मोठं मोजमाप आपल्याच देशानं करून ठेवलंय, मग व्यासपीठावरून निराळं का सांगायचं?

आपल्याकडे हा प्रश्न शहरातल्या म्हाताऱ्यांचा नाही, हेही ध्यानात घ्यावं. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा उतारवयाचा. आपल्या देशातल्या हृदयतालतज्ज्ञांनी दीड हजारांवर रुग्णांची नोंद केली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या मुळाशी संधिवाताच्या तापानं खराब झालेली झडप निघाली. म्हणजे लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, कुणी मनावर घेतलं नाही, आणि पस्तिशीत भांगलताना धाप लागायला लागली. अशा बाईला वॉरफरिनसारखी जुनीच गोळी लागते आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तपासावा लागतो. तो बहुतेकांना २ ते ३ च्या दरम्यान हवा. आज पोटभर मेथी आणि उद्यापासून आठवडाभर पालेभाजीच नाही, असं झालं तरी तो वरखाली होतो. कुणी दिलेला काढा घेतला तरी होतो. तिला पालेभाजी सोडायला सांगायचं नाही, रोज सारखी खायला सांगायचं. हे समजावून सांगणारा माणूस तिच्या गावात असतो का? आशाताई असतात. त्यांना हे शिकवलं तर त्या सांगतील.

दुसरी एक तऱ्हा आहे, तिच्याबद्दलही लिहायला हवं, कारण तिथं श्वासाची युक्ती खरंच औषधासारखी चालते.

आमच्या गल्लीत एक सून होती, पंचविशीची. वर्षातून चार-सहा वेळा तिच्या छातीत एकदम इंजिन सुरू व्हायचं, मिनिटाला १८०-१९०, आणि अर्ध्या तासानं जसं सुरू झालं तसंच खटकन बंद व्हायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ठीक. ईसीजी नॉर्मल. मग टेन्शन घेते, सासरी मन रमत नाही, बाहेरचं काहीतरी असेल, असं सगळं झालं. अंगाराही झाला. शेवटी एकदा झटका चालू असतानाच पट्टी निघाली आणि दोन वर्षांचं कोडं दोन मिनिटांत सुटलं. हृदयात विजेची एक जादा वाट होती, ठोका तिच्यातून गोल गोल फिरत होता. त्याला पीएसव्हीटी म्हणतात. ती वाट जाळून बंद करता येते, तिची केली, आता ती बरी आहे.

अशा झटक्यावर १७०४ साली व्हाल्साल्व्हा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं वर्णन केलेली युक्ती वापरतात: बंद तोंडानं जोर लावून फुंकायचं. वेंगर आणि बागचींच्या योग्यांनी जे केलं त्याचीच ही बहीण. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या दहा रुग्णालयांनी तिच्यात छोटीशी सुधारणा करून चारशेहून अधिक रुग्णांवर ती तपासली. रुग्णाला अर्धवट बसवायचं, १० मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंकायला लावायचं, आणि लगेच उताणं निजवून दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्क्यांचा ताल मिनिटाभरात जागेवर आला, पाय उचललेल्यांत ४३ टक्क्यांचा. फुंकल्यावर पाय वर केल्यानं हृदयाकडे एकदम भरपूर रक्त येतं आणि कासरा जोरात ओढला जातो. या युक्तीला महागडं इंजेक्शन लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही. ही सिरिंज जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात आज आहे. ईसीजीवर पीएसव्हीटीच आहे हे डॉक्टरांनी बघायचं आणि फुंकायला लावायचं, घरच्या घरी कुणीही कुणावर प्रयोग करायचा नाही. पण प्रत्येक केंद्रातल्या डॉक्टर-परिचारिकांना ही युक्ती एका दुपारी शिकवता येईल. खरं तर हा आपल्या खात्याचा सर्वांत स्वस्त योगवर्ग ठरेल.

कपालभाती आणि भस्त्रिकेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तरुण, निरोगी माणसानं खुशाल करावी. पण ज्याची नाडी कधी तपासलेली नाही अशा सत्तर वर्षांच्या माणसाला माईकवरून मिनिटाला साठ झटके द्यायला लावू नयेत. जलद श्वासानं ठोके वाढतात, रक्तातलं रसायन बदलतं, डोकं हलकं होतं. कुंभक, म्हणजे श्वास कोंडणं, हेही तसंच. सावकाश अनुलोम-विलोम, कोंडल्याशिवाय, आणि शवासन, एवढं कुणालाही सहसा सोसतं. सूर्यनमस्कारांचं म्हणाल तर ते औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या मुलखात आम्हाला कुणी शिकवायला नको. रहिमतपूरवरून औंधला जाताना अजून जुनी माणसं सांगतात की राजेसाहेब स्वतः घालायचे आणि शाळाशाळांतून पोरांकडून घालून घ्यायचे. तो चांगला व्यायाम आहे, आणि व्यायाम म्हटलं की वयानं, हृदयानं आपापलं ठरवावं.

तर मागणी अशी.

येत्या २१ जूनला जिल्ह्यात जिथं जिथं योगदिनाचा कार्यक्रम होईल तिथं सुरुवात प्रार्थनेनं करायची असेल तर करावी, पण त्याच्या आधी दहा मिनिटं नाडीसाठी ठेवावीत. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं मनगट धरायचं, अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं, आणि मिनिटभर ठोका मोजायचा. अंगठा वापरायचा नाही, नाहीतर आपलीच नाडी लागते. हे मी शाळेत इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. मोजायचं म्हणजे आकडाच नव्हे, ठेका सरळ आहे का हेही बघायचं. एखादा ठोका मधूनच चुकला तर घाबरायचं कारण नाही, तो बहुतेकांचा कधीतरी चुकतो. पण ज्याची नाडी सगळीच विस्कटलेली लागेल, किंवा बसल्या जागी शंभराच्या वर वा पन्नासच्या खाली असेल, त्यानं त्या दिवशी जोराचं काही करायचं नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याचं नाव लिहून घ्यायचं आणि त्याच आठवड्यात ईसीजी काढून द्यायचा. कुणाच्या छातीत दुखत असेल, भोवळ आली असेल, धाप लागली असेल, तर त्याला १०८ वर फोन करून लगेच हलवायचं, सतरंजीवर ठेवायचं नाही. पासष्टीच्या पुढच्या माणसांची नाडी संधी मिळेल तेव्हा बघावी, असं युरोपातले हृदयरोगतज्ज्ञ आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगतात. आपल्याकडे ती संधी सरकारी परिपत्रकानंच दरवर्षी चालून येते. शेकडो माणसं, पहाटे, शांत बसलेली. याहून चांगलं तपासणी शिबिर कुठं मिळणार?

यासोबत आयुष्मान आरोग्य मंदिरांत जे योगवर्ग चालतात तिथं भिंतीवर एक फलक असावा: 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय हृदयाची कोणतीही गोळी बंद करू नका. रक्त पातळ करणारी तर मुळीच नाही.' अक्षर मोठं असावं, आमच्यासारख्यांना चष्म्याशिवाय दिसेल इतकं. आणि मानधन घेऊन शिकवणाऱ्या प्रत्येक योगशिक्षकाकडून हे वाक्य वर्गात म्हणून घ्यावं. जो म्हणणार नाही त्याला वर्ग देऊ नये.

माझ्या शेजारी बसलेले ते आजोबा आता गोळी घेतात, घेवडा करतात, आणि रोज सकाळी ओट्यावर बसून दहा मिनिटं सावकाश श्वास घेतात. परवा भेटले तेव्हा त्यांनी आपणहून मनगट पुढं केलं. नाडी ७८ होती, ठेका अजून वाकडाच. गोळी चालू आहे म्हणून मी निश्चिंत आहे.

आपण होकार कळवलात तर कोरेगावच्या मैदानावर २१ जूनला सकाळी साडेपाचला मी हजर असेन. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी दहा जणी यायला तयार आहेत. फक्त सेकंदकाट्याची घड्याळं हल्ली कुणाच्या हातात नसतात, तेवढी दहा-बारा आपल्या कार्यालयाकडून मिळाली तर बरं.

आपली,
कोरेगावची एक निवृत्त शिक्षिका